कोंडवाड्यात कधीच न गेलेलं जनावर

शेजाऱ्याची म्हैस उसात शिरली तर पुढे काय होतं, हे सातारा-सांगलीकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आधी बांधावर तोंडातोंडी, मग भरपाईची बोलणी, आणि तेही फिसकटलं तर जनावर कोंडवाड्यात. या रिवाजाला १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याचा आधार आहे. त्यात गुरं कशाला म्हणायचं हे सांगताना हत्ती, उंट, घोडे, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, अगदी शेळीची करडंसुद्धा मोजून घेतली आहेत. मांजर नाही. कायदाच पिकांच्या नुकसानीसाठी होता, तेव्हा ते त्यात नसणं साहजिक. पण मांजराला वगळायची सवय पुढेही टिकली, आणि आजच्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

भांडण कुठलं, ते पेठेत राहणाऱ्याला ठाऊक असतं. वाडा पाडून बांधलेली इमारत, तिच्यामागे उरलेली एखादी जास्वंद, तिच्यात बुलबुलाचं घरटं, आणि तळमजल्यावरच्यांचा बोका. पिल्लं गेली की वरचे खालच्यांना बोलतात आणि खालचे म्हणतात, “अहो, मांजराची जातच ती!” वरच्यांना ही पळवाट वाटते. पण हेच उत्तर एका न्यायालयाने मान्य केलेलं आहे.

१९२६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे बकल विरुद्ध होम्स हा दावा आला. एकाच्या मांजराने शेजाऱ्याच्या हद्दीत शिरून त्याची कबुतरं आणि बुटक्या जातीच्या कोंबड्या मारल्या होत्या. मांजर आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणेच वागलं, त्याच्यात काही जगावेगळी खोड नव्हती, म्हणून मालकाकडून भरपाई मागता येणार नाही, असा निकाल लागला. आपल्याकडे अशा दिवाणी नुकसानीसाठी वेगळा लिखित कायदा नाही, न्यायालयं बहुतांशी इंग्लिश तत्त्वांवरच चालत आली. उद्या मिरजेत कोणाची हौसेची कबुतरं शेजारच्या मांजराने फाडली, तर त्याच्या वकिलाला आधी त्या इंग्रजी कबुतरांशी झगडावं लागेल.

फौजदारीतही तेच. जुन्या दंड संहितेचं कलम २८९ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावराबाबत हयगय करणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण धोका माणसाला असला तरच. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा शिकारीची व्याख्या ऐसपैस करतो. मारणं, पकडणं, सापळा लावणं, घरटी-अंडी नासवणं, सगळं त्यात येतं. या कायद्याची धार बत्तीस शिराळ्याने नागपंचमीच्या जिवंत नागांवरून चांगलीच पाहिली. पण तिथे नाग धरणारा हात माणसाचा होता. मांजर आपल्या मनाने जास्वंदीत चढलं तर या कायद्याला आरोपीच सापडत नाही.

असं का झालं, तर मांजर आपल्याकडे शिकारीसाठीच आलं. माणूस धान्य साठवू लागला तेव्हा पश्चिम आशियातलं रानमांजर उंदरांच्या मागावर त्याच्या वस्तीत शिरलं. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या घरांत ज्वारीच्या कणग्या होत्या, भिंतीत बळदं होती, अडतीच्या दुकानांत गुळाच्या ढेपा होत्या. मांजराला घरात थारा मिळायचा तो या कामाच्या मोबदल्यात. पाखरू मारलं तर हळहळ वाटत असेल, पण त्याचा जाब मांजराला दूध घालणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं.

मग प्लेग आला. १८९६ ला मुंबईत सुरू झालेली ही साथ लवकरच सातारा जिल्ह्यात पोहोचली. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा याच जिल्ह्यात होते. गावं ओस टाकून माणसं रानात झोपड्या घालून राहिली. १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, आणि सरकारी वैद्यकाला ते पटेपर्यंत काही वर्षं गेली. उंदीर गुन्हेगार ठरल्यावर मांजराचा भाव वधारला. वऱ्हाडात अमरावतीला असलेले लष्करी वैद्यक सेवेतले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी, ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, अशी मांडणी केली आणि १९०८ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांजरं पाळण्याचा पुरस्कार केला. (मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही लागू शकतो, ही गोष्ट वेगळी.) ज्या जनावराच्या शिकारीची डॉक्टरच शिफारस करत होते, त्याच शिकारीबद्दल मालकाला दोष कोण देणार?

आणि मालक तरी कुठे ठरला होता? कुत्र्याचं तसं नाही. संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघापासून धन्याला वाचवलं म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, ही कथा साताऱ्यात पोरंही सांगतात. मांजर मात्र आळीचं, चार घरी तोंड घालणारं. त्याला मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं ही धास्ती, म्हणून मारायचं नाही. पिल्लं फार झाली की पोत्यात घालून आठवडी बाजारात नाहीतर ओढ्यापलीकडे सोडून यायची. पाप टळतं आणि पिल्लं रानाला लागतात. जास्वंदीतल्या एका घरट्यापेक्षा मला हे पोतं जास्त गंभीर वाटतं.

बाहेरच्या देशांत मालकाला धारेवर धरायची सुरुवात झाली त्यामागे बेटांवरच्या कहाण्या होत्या. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजरं पोहोचली आणि तिथला न उडणारा रेन पक्षी नामशेष झाला. एकट्या एका मांजराने अख्खी जात संपवली, हा त्या कथेला चढलेला मुलामा. मांजरं अनेक होती. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मांजरांना मोकळं फिरू न देण्याचं विधेयक मंजूर झालं, तर १९४९ मध्ये गव्हर्नर अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी ते परत पाठवलं. एकट्याने थोडंफार भटकणं हा मांजराचा स्वभावच आहे, असं त्यांचं म्हणणं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शेरब्रुकने लायरबर्ड पक्ष्यासाठी मांजरांवर रात्रीची संचारबंदी लावली. तोवर आकडेही येऊ लागले होते. १९८७ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या सत्तरेक मांजरांनी वर्षात मारलेले हजाराहून जास्त जीव घरी आणल्याची नोंद आहे. २०१३ चा अमेरिकेचा अंदाज मांजरांनी वर्षाला मारलेल्या १३० ते ४०० कोटी पक्ष्यांचा. तो सांगताना हमखास एक गोष्ट गळते, की त्यातला मोठा वाटा बेवारशी मांजरांचा आहे, घरच्यांचा नाही.

हे आकडे जसेच्या तसे इथे चिकटवणं मला पटत नाही. न्यूझीलंडचे पक्षी असल्या शिकाऱ्यांची सवय नसलेले. सह्याद्रीत रानमांजर, उदमांजर, मुंगूस सगळेच आहेत, इथल्या पाखरांना असा वैरी नवा नाही. पेठेतली चिमणी कमी झाली असेल तर बोक्याआधी गेलेले वासे, कौलं आणि भिंतीतल्या देवळ्या आठवाव्यात.

काळजी आहे ती पठारांची. २०२२ मध्ये जर्मनीतल्या वॉल्डोर्फ गावाने वस्तीच्या एका भागात एप्रिल ते ऑगस्ट मांजरं घरात कोंडायचा हुकूम काढला, तो जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलासाठी. मांजर बाहेर दिसलं तर ५०० युरो दंड, चंडोल मेला तर ५० हजारांपर्यंत. त्या चंडोलाचा सख्खा भाऊबंद, मलबारी चंडोल, कासच्या पठारावर राहतो आणि तोही घरटं जमिनीवरच करतो. यवतेश्वर-कासच्या वाटेवर फार्महाऊस वाढताहेत. शनिवार-रविवारचे पाहुणे गेल्यावर मागे राहणारं मांजर बुलबुलाच्या अंगणात नसतं, चंडोलाच्या माळावर असतं.

आता कणग्या नाहीत, बळदं नाहीत. पर्शियन मांजर आहे, त्याला नाव आहे, लसीचं कार्ड आहे, महिन्याला कॅटफूडची पिशवी येते. म्हणजे मालक ठरला, आणि मालकाला करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मांसाचं प्रथिन भरपूर असलेला आहार दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली, रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यात रंगीबेरंगी कापडी पट्टा घातला तर घरी येणारे मारलेले पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. घुंगराने काही फरक दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावर आपण उगाच पिढ्या घालवल्या.

राहिलं पोतं. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, मांजराची पिल्लंही त्यात आली. खासगी दवाखान्यात मांजरीची नसबंदी करायची तर काही हजार लागतात. पहिल्यांदा पिल्लं टाकून देताना सापडलात तर दंड १० ते ५० रुपये.