नवतप्यात चिकटेना, श्रावणात सुटेना

"वाळूनच नाही राहिलं ना मामा!" भाचा गच्चीवरून ओरडला. नवतपा (मेअखेरचे नऊ रणरणते दिवस) सुरू होता, दुपारचे अडीच, पारा ४५च्या आसपास. पेनासाठी सागाच्या ठोकळीत फेविक्विकने पितळी नळी चिकटवून त्याने ती रणरणत्या उन्हात ठेवली होती. कुरडया दोन दिवसांत कडकडीत होतात, मग गोंदाला काय झालं, असा त्याचा रोकडा सवाल.

हाताने पेन बनवताना लाकूड लेथवर चढवण्याआधी बोटभर ठोकळीला (या छंदातले सगळे तिला ब्लँकच म्हणतात) आरपार भोक पाडतात आणि त्यात पितळेची पातळ नळी चिकटवतात. साध्या बारीक पेनाची नळी ७ मिलिमीटर व्यासाची. टोक, क्लिप, रिफिल फिरवायची यंत्रणा, सगळं नंतर या नळीत दाबून बसतं. वरचं लाकूड कातत कातत कडेला एक मिलिमीटरही उरत नाही. नळी आणि लाकूड यांच्यात कुठे पोकळी राहिली असेल, तर हत्यार टेकताच नेमका तिथलाच टवका उडतो.

आता "वाळणे". पांढरा फेव्हिकॉल खरोखर वाळतो, त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत निघून जातं. फेविक्विकमधून काही निघून जायचं नसतं. उलट त्याला पाणी लागतं!

इथे मला जरा रमू द्या. या गोंदातला मुख्य पदार्थ एथिल सायनोअ‍ॅक्रिलेट. त्याच्या रेणूत दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यातल्या एकावर सायनो आणि एस्टर असे दोन गट बसलेले, दोघेही इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारे. त्यामुळे जोडीतला दुसरा कार्बन कायम इलेक्ट्रॉनांचा भुकेला. पाण्याच्या थरातला एखादा हायड्रॉक्साइड आयन (ऋणभार असलेला कण) भेटला, की तो या भुकेल्या कार्बनला चिकटतो, दुहेरी बंध उघडतो आणि ऋणभार पहिल्या कार्बनवर जातो. तिथे ते दोन ओढखोर गट त्याला सांभाळून घेतात. हा भारित रेणू मग शेजारच्या रेणूच्या भुकेल्या कार्बनवर तुटून पडतो, तो त्याच्या शेजाऱ्यावर, आणि बघता बघता लांबच लांब साखळ्या तयार होतात, म्हणजेच गोंद जमतो. बाटलीतच हे घडू नये म्हणून गोंदात किंचित आम्ल घातलेलं असतं. खायचा सोडा टाकताच फेविक्विकचा दगड होतो, असे व्हिडिओ फिरतात. त्यात चमत्कार कसला? सोडा आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलटा, आहे, एवढंच.

हॅरी कूव्हर यांना हे रसायन १९४२ मध्ये कोडॅकमध्ये सापडलं. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, आणि हे दिसेल त्याला चिकटायचं म्हणून बाजूला पडलं. बाजारात यायला १९५८ उजाडलं.

तर पाणी. प्रत्येक वस्तूवर पाण्याच्या रेणूंचा न दिसणारा पापुद्रा असतो. त्याची जाडी ठरवते सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के आहे ते. हवेत एकूण बाष्प किती ग्रॅम, याला इथे फारसा अर्थ नाही. तापलेल्या हवेची बाष्प सामावून घेण्याची ताकद एवढी वाढते, की पितळेवर थांबायला फारच थोडे रेणू उरतात. या गोंदाला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मेच्या दुपारी आपल्याकडे ती २०च्या घरात येते, आणि उन्हात तापलेल्या नळीलगत त्याहून कमी. त्यात सागाचा तेलकटपणा.

श्रावणात याच्या बरोबर उलटं. मागच्या वर्षी संततधारेत मी नळी घालायला घेतली आणि ती अर्ध्यातच चिकटून बसली. पक्कडीने ओढली, तर लाकूड उभं फाटलं. नळी मात्र जागची हलली नाही.

म्हणून मी आता इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा गोंद, वापरतो. त्यात राळ आणि हार्डनर यांचीच आपसात अभिक्रिया होते, पाण्याची वाट बघावी लागत नाही. पण त्याला उष्णतेची घाई. ढोबळ नियम असा, की १० अंश वाढले की वेग दुप्पट. २७ अंशांना "पाच मिनिटांचा" असलेला इपॉक्सी ४२ला दोन मिनिटंही देत नाही. तेव्हा सावकाश जमणारा घ्यावा आणि काम सकाळी उरकावं. नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायची, तिच्या तोंडात बटाट्याची चकती दाबून बूच करायचं (आत गोंद गेला तर यंत्रणा बसत नाही), आणि गोल फिरवत आत सरकवायची. सरळ ढकलली तर गोंद पुढे लोटला जातो, मागे कोरडं राहतं.

पितळेच्या पेनाने अंगातली "उष्णता निघते", लिहिताना "ऊर्जा मिळते" असंही ऐकवणारे भेटतात. अहो, पितळ गोंदाआड आणि लाकडाआड बंद आहे, बोटाला लागतच नाही.

भाच्याची नळी संध्याकाळपर्यंत चिकटली. पण ठोकळीवर लाकडाच्या रेषांच्या दिशेने केसाएवढी चीर गेली होती. "पितळ फुगलं," तो म्हणाला. हिशेब केला. ३० अंश तापमान वाढलं तर ७ मिलिमीटरची नळी फुगते सुमारे ०.००४ मिलिमीटर. सागातला ओलावा १२ टक्क्यांवरून ६वर आला, तर त्याच सात मिलिमीटरला लाकूड आडवं आकसतं जवळपास ०.०८ मिलिमीटर, वीस पट. आत नळी आकसू देत नाही, मग लाकूड तडकतं. त्या गच्चीवर वाळलं होतं ते लाकूड.