काकडी कुजतेय? आधी फळ उलटं करून पाहा

फळकुजीचं औषध मागायला आलेल्या ग्राहकाला आमचा पहिला प्रश्न असतो, कूज सुरू कुठून झाली? कारण काकडीची फळकूज हा एकच रोग नव्हे.

जमिनीला टेकलेल्या बाजूवर तपकिरी, खोलगट, खरबरीत चट्टा असेल तर बहुधा रायझोक्टोनिया ही जमिनीतली बुरशी. फळ पाणचट होऊन वर कापसासारखी वाढ आली तर पिथियम हा बुरशीसारखा रोगजंतू. उष्ण, दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर म्हणजे फायटोप्थोरा, तोही तसलाच. फुलाच्या टोकाकडून कूज आणि तिच्यावर काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचल्यासारखं दिसलं तर कोअनेफोरा ही बुरशी. खात्री होत नसेल तर फळ ओल्या कागदासोबत डब्यात झाकून एक-दोन दिवस ठेवा, वाढ स्पष्ट दिसू लागते.

एवढा खटाटोप अशासाठी की पिथियम आणि फायटोप्थोरा या खऱ्या बुरशी नाहीत. त्यांच्यावर कार्बेन्डाझिम हे खऱ्या बुरशींवरचं औषध मारणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबसारखं औषध लागतं. त्यातलं मेटॅलॅक्झिल मात्र रायझोक्टोनियावर चालत नाही. लेबलवर काकडीची शिफारस आहे का, हे आधी वाचा. काकडी दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे फवारणी ते तोडणी यांतलं लेबलवरचं अंतर पाळणं इथे अवघड जातं. तरी ते पाळायलाच हवं.

आम्ही औषधं विकतो, तरी सांगतो: कुजलेलं फळ कुठल्याच फवारणीने बरं होत नाही. खरं काम पाण्याचं आहे. गादीवाफे उंच ठेवा, वाफसा आल्याशिवाय पुढचं पाणी देऊ नका, वेल ताटीवर चढवा. ताटी जमत नसेल तर निदान आच्छादन हवंच, फळ ओल्या मातीवर लोळू नये. कुजलेली फळं बांधावर न टाकता रानाबाहेर खोल पुरा. लागवडीआधी शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी द्या. त्याच्या जोडीने रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) नको. फायटोप्थोरा येऊन गेलेल्या रानात काकडीपाठोपाठ मिरची, टोमॅटो, वांगी किंवा दुसरं वेलवर्गीय पीक घेऊ नका, तो त्यांच्यावरही जगतो.

फळावर बारीक डंख, त्यातून डिंक, आणि चिरल्यावर अळ्या? मग ती फळमाशी. बुरशीनाशक नको, क्यू ल्यूरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या आमिषाचे) सापळे लावा.

सल्ल्याला येताना नुकतीच कूज लागलेली दोन फळं कागदात गुंडाळून आणा. पूर्ण सडलेल्या फळात इतर जंतू शिरलेले असतात, त्यावरून मूळ रोग ओळखता येत नाही.