समन्वय बहुफलकांची जोडणी

अकार्बनी घन पदार्थांची स्फटिकरचना वाचण्याची एक पद्धत. धनायनाला (धन भाराच्या अणूला) लगटून बसलेल्या ऋणायनांची (ऋण भाराच्या अणूंची) केंद्रे (खनिजांत बहुधा ऑक्सिजनची) रेषांनी जोडली, की धनायन पोटात असलेली एक बंद आकृती मिळते. तिला समन्वय बहुफलक म्हणतात. नाव फलकांच्या, म्हणजे सपाट बाजूंच्या, संख्येवरून पडते: शेजारी चार असतील तर चार बाजूंचा चतुष्फलक, सहा असतील तर आठ बाजूंचा अष्टफलक. धनायनाची त्रिज्या ऋणायनाच्या ०.२२५ ते ०.४१४ पट असल्यास चतुष्फलक आणि ०.४१४ ते ०.७३२ पट असल्यास अष्टफलक, असा ढोबळ आडाखा आहे, तो चुकतोही. प्रत्यक्ष स्फटिकात या आकृत्यांना भिंती नसतात. चित्र काढणाऱ्याची ती सोय आहे, पण फार उपयोगी सोय आहे. शेकडो अणूंच्या गर्दीत जे दिसत नाही, ते बहुफलकांच्या चित्रात चटकन दिसते.

पदार्थाचे सूत्र बहुफलकांच्या जोडणीतूनच निघते. सिलिकॉनच्या चतुष्फलकाला ऑक्सिजनचे चार कोपरे असतात. चारही कोपरे शेजाऱ्यांशी सामाईक असले, तर प्रत्येक ऑक्सिजन निम्माच आपला. म्हणून एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजन पडतात. हे क्वार्ट्‌झ. तीन कोपरे सामाईक असले तर प्रमाण २:५ होते आणि पत्रा तयार होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात ते या पत्र्यांमुळे. दोनच कोपरे सामाईक असले तर १:३ प्रमाणाची साखळी मिळते. दख्खनच्या बेसॉल्टमधले ऑजाइट हे काळे खनिज अशा साखळ्यांचे बनलेले असते. एकही कोपरा सामाईक नसला तर सुटे चतुष्फलक उरतात, जसे ऑलिव्हिनमध्ये. अष्टफलकाचे सहाही कोपरे दोघा-दोघांत वाटले, तर तोच हिशेब १:३ देतो. पेरोव्हस्काइटमधला टायटॅनियम-ऑक्सिजनचा सांगाडा असाच असतो आणि त्याच्या पोकळ्यांत कॅल्शियम बसते.

एका कोपऱ्यावर किती बहुफलक भेटावेत, याला विद्युतभाराचा हिशेब आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी दुसरा नियम तो सांगतो. सिलिकॉनचा भार ४ आणि शेजारी ४, म्हणजे प्रत्येक बंधाच्या वाट्याला १ येतो. ऑक्सिजनचा भार २, म्हणून तिथे दोन चतुष्फलक पुरतात, तिसऱ्याला जागा नाही. झिओलाइट या पोकळ्यांच्या सांगाड्याच्या खनिजांमध्ये काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येते. त्याचा भार ३ असल्याने तूट पडते, आणि ती भरायला सोडियम किंवा कॅल्शियम पोकळ्यांत येऊन राहतात. हे आयन बदलता येतात. पाणी मृदू करण्यासाठी झिओलाइट वापरतात, ते याच कारणाने.

पॉलिंग यांचा तिसरा नियम जोडणीच्या प्रकाराबद्दल आहे. दोन चतुष्फलक कोपऱ्याने जोडलेले असताना त्यांच्या केंद्रांतले जास्तीत जास्त अंतर १ मानले, तर कडेने (दोन कोपरे सामाईक) जोडल्यावर ते ०.५८ आणि फलकाने (एक पूर्ण बाजू सामाईक) जोडल्यावर ०.३३ उरते. चार-चार भाराचे दोन सिलिकॉन इतके जवळ आणणे महागात पडते, म्हणून नेहमीच्या सिलिकेटांत चतुष्फलकांच्या सामाईक कडा जवळजवळ सापडतच नाहीत. सिलिकॉन डायसल्फाइडमध्ये मात्र चतुष्फलक कडेला कड लावूनच साखळी धरतात. अष्टफलकांना ही अडचण कमी जाचते; कोपरा, कड, फलक असे त्यांचे आकडे १, ०.७१ आणि ०.५८ आहेत. कुरुंदात (माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपे) अष्टफलकांच्या जोड्यांचे एक फलक सामाईक असते. तिथे ॲल्युमिनियम मध्यावर न राहता सामाईक फलकापासून दूर सरकलेले आढळते.

कोपऱ्याची जोडणी बिजागरीसारखी असते. बहुफलक स्वतः ताठ राहतो, शेजाऱ्याशी असलेला कोन तेवढा बदलतो. क्वार्ट्‌झ ५७३° सेल्सिअसला रूप बदलते, तेव्हा एकही बंध तुटत नाही; चतुष्फलक थोडे वळतात, इतकेच. झिर्कोनियम टंगस्टेट तापवल्यावर आकसते, तेही अशाच डुलण्यामुळे.

महाराष्ट्रातले सर्वांत देखणे उदाहरण पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत मिळाले. कॅव्हन्साइट हे मोरपिशी निळे खनिज प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले. त्याचे वर्णन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, पण जगभरच्या संग्रहांतले उत्तम नमुने वाघोलीचे. त्यात सिलिकॉनचे चतुष्फलक तीन कोपऱ्यांनी जोडले जाऊन पत्रे होतात, आणि पत्र्यांत चार व आठ चतुष्फलकांची कडी असतात. प्रत्येकाचा चौथा कोपरा मोकळा राहतो. व्हॅनेडियमभोवती पाच ऑक्सिजनचा चौरस पायाचा पिरॅमिड असतो. पायाचे चारही ऑक्सिजन म्हणजे पत्र्यांचे हे मोकळे कोपरेच. अशा पिरॅमिडांनी पत्रा पत्र्याला सांधला जातो आणि मधल्या पोकळ्यांत कॅल्शियम व पाणी राहते. चार सिलिकॉनमागे एक व्हॅनेडियम, हे सूत्रातले प्रमाण इथे बोटांवर मोजून पडताळता येते. पेंटागोनाइट या दुसऱ्या खनिजाचे रासायनिक सूत्र हुबेहूब तेच आहे, पण त्याच्या पत्र्यांत सहा-सहा चतुष्फलकांची कडी असतात. मालमसाला तोच असूनही जोडणी बदलली आणि खनिज निराळे झाले.

दाबाखाली बहुफलकच बदलतो. १९६१ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेल्या स्टिशोव्हाइटमध्ये सिलिकॉनभोवती सहा ऑक्सिजन असतात, अष्टफलकांच्या कडा सामाईक असतात आणि घनता क्वार्ट्‌झच्या २.६५ वरून सुमारे ४.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरवर जाते. प्रत्येक ऑक्सिजनवर तीन अष्टफलक भेटतात. ४ भागिले ६, गुणिले ३ म्हणजे २, हिशेब इथेही जुळतो. सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या खाली पृथ्वीच्या प्रावरणात बहुतांश सिलिकॉन असाच षट्समन्वयी आहे. ब्रिजमनाइट हे तिथले मुख्य खनिज पेरोव्हस्काइटच्याच सांगाड्याचे आहे.

बॅटरीच्या रसायनशास्त्रातही हीच भाषा चालते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये कोबाल्टचे अष्टफलक कडेला कड लावून थर बनवतात आणि लिथियम दोन थरांमधून ये-जा करते.

नियम म्हणून मात्र पॉलिंग यांच्या विधानांवर फार भार टाकू नये. २०२० मध्ये सुमारे ५,००० ऑक्साइडे तपासली गेली, तेव्हा शेवटचे चारही नियम एकाच वेळी पाळणारी १३ टक्केच निघाली. धातू आणि मिश्रधातूंना तर ऋणायनांच्या बहुफलकांचे हे चित्र लागूच पडत नाही.