जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा चालू करताय? इंजिन खोलायच्या आधी आरटीओचं हे वाचा (पुणेकरांसाठी)

नाना पेठेत पिस्टन रिंगा विचारत फिरायच्या आधी एक काम करा, आरसी बुक हातात घ्या, बॉनेट उघडा आणि टॉर्च मारून चेसिस नंबर, इंजिन नंबर जुळतायत का ते बघा. मी हे उलट्या क्रमाने केलं, आधी इंजिन खोललं आणि मग कागद काढले, म्हणून सांगतोय.

आमच्या मामांची एमजीए १५०० ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सासवडला पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं उभी. इंजिन जॅम. मी आणि भावाने प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल सोडलं, दोन आठवड्यांनी क्रँक पाव आटा फिरला तेव्हा मामींनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, पुसला तर नंबर भलताच. मामा शांतपणे म्हणाले, "अरे ते अँबेसिडरचं आहे, तिचं ओरिजिनल तिकडे पोत्यांखाली पडलंय."

हे आपल्याकडे का व्हायचं ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा कागदी घोळ इथूनच सुरू होतो. एमजीए १५०० चं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची मूळ कंपनी) बी-सिरीज, १४८९ सीसी. अँबेसिडरमध्ये पेट्रोलचं जे १४८९ सीसी इंजिन वर्षानुवर्षं आलं ते त्याच घराण्यातलं. मग ब्रिटिश गाडीचं इंजिन जॅम झालं आणि पार्ट मिळेना की मेकॅनिक अँबेसिडरचं बसवून मोकळा. गाडी चालायची, पण आरसी बुकवर नंबर जुनाच राहायचा. त्या काळी कोणी विचारत नव्हतं, आता पासिंगला इन्स्पेक्टर आधी तेच बघतो.

आता मुद्द्याचं, तुमची गाडी नेमकी कुठल्या खात्यात बसते.

पहिलं म्हणजे मालकी. आरसी तुमच्याच नावावर असेल तर पुढे चला. दुसऱ्याकडून घेतली असेल तर फॉर्म २९ च्या दोन कॉप्या आणि फॉर्म ३०, सह्या विकणारा आणि घेणारा दोघांच्या. मालक वारले असतील, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत निम्म्या वेळा हेच असतं, तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद, बाकीच्या वारसांची ना-हरकत असेल तर काम हलकं होतं. बहीण-भाऊ परदेशात असतील तर आत्ताच सह्या मागवा, गाडी चकाचक झाली की सगळ्यांना अचानक वडिलांची आठवण येते. आरसी हरवली असेल तर पोलिसात तक्रार आणि फॉर्म २६. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे नवा नंबर घ्यायला फॉर्म २७. बँकेचा बोजा कधीकाळी चढवलेला असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवावा लागतो, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असली तरीसुद्धा.

एमएच सुरू व्हायच्या आधीचे तीन अक्षरी नंबर असतील तर गाडी परिवहनच्या साइटवर टाकून बघा. बऱ्याचदा "रेकॉर्ड नॉट फाउंड" येतं. घाबरू नका, गाडी बेवारस नाहीये, फक्त जुन्या रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढलेली नाही. त्यासाठी मूळ आरसी बुक घेऊन ऑफिसात बॅकलॉग एंट्री करून घ्यायची. पुणे शहरवाल्यांचं एमएच १२ म्हणजे संगम पुलाजवळचं ऑफिस, पिंपरी-चिंचवडकरांचं एमएच १४. ही एंट्री झाल्याशिवाय ऑनलाइन एकही अर्ज पुढे सरकत नाही, इथेच घोडं पेंड खातं, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी करा, गाडीला हात लावायच्याही आधी.

आणि कोणी "अहो पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच द्यावी लागते" म्हणालं तर ऐकून सोडून द्या. तो दिल्लीकडचा नियम, पुण्यात खाजगी गाडी पासिंगमध्ये पास झाली की रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं.

आता इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेली आणि आरसीवर असलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. पण रिबिल्ड म्हणजे फेरफार नाही, हे डोक्यात पक्कं करा. तोच ब्लॉक, तोच नंबर, आत बोअर केलं, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंग शेल, रिंगा, व्हॉल्व्ह सीट, टायमिंग चेन सगळं नवं टाकलं तरी ती दुरुस्तीच. या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८८.९. ब्लॉक फार झिजला असेल तर दहा, वीस, तीस, चाळीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) असे ओव्हरसाइज पिस्टन टाकतात, चाळीसवर गेलात तर हिशोबाने १४८९ चे साधारण १५३१ सीसी होतात. तरी ब्लॉक तोच, नंबर तोच. चाळीसच्या पुढे मात्र लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) टाकून परत स्टँडर्डवर या, असं माझं मत, ब्लॉकची भिंत पातळ करून काय मिळवायचंय.

ब्लॉकच बदलला तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी आरटीओची परवानगी, नंतर काम. परवानगी न घेता झालं असेल तर चौदा दिवसांत कळवायचं असं कायदा म्हणतो, मामांच्या केसमध्ये ते चौदा दिवस कधीच गंगेला मिळाले होते. परिवहनच्या साइटवर वाहन सेवांमध्ये "अल्टरेशन"चा अर्ज असतो. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, इंजिन घेतल्याचं बिल, आणि ते इंजिन दुसऱ्या गाडीतलं असेल तर त्या गाडीचे कागद, म्हणजे ती रद्द झाल्याचा पुरावा. जुन्या बाजारातून बिलाशिवाय ब्लॉक उचलाल तर इथे अडकाल, आणि तो चोरीच्या गाडीचा निघाला तर अडकणं हा शब्द कमी पडेल. एनसीआरबीच्या वाहन समन्वय साइटवर इंजिन आणि चेसिस नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं, घ्यायच्या आधी बघा. आणि परवानगीशिवाय बाहेरचे पार्ट जोडून गाडीचा अवतार बदलला तर कलम १८२ए खाली प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाच स्पीड गिअरबॉक्सवालं जपानी इंजिन टाकायचं स्वप्न असेल तर हे वाक्य परत वाचा.

रंगसुद्धा आरसीवर असतो बरं का. मामांच्या आरसीवर काळा, शेडमधली गाडी लाल. किती हातांतून गेली असेल देव जाणे. रंग बदलला की त्याचीही नोंद करून घ्यायची.

तर पोत्यांखालचा ओरिजिनल ब्लॉक निघाला, नंबर आरसीशी जुळला, आमचा जीव भांड्यात पडला. पण इथे एक गंमत झाली ती सांगतो कारण तुमच्याही बाबतीत होऊ शकते. या इंजिनाचा नंबर ब्लॉकवर रिव्हेट मारलेल्या एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवर असतो. बोअरिंगवाल्याने ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत टाकायच्या आधी ती पट्टी उचकटून काढली आणि कुठेतरी ठेवली. कुठे ते त्यालाच आठवेना. दोन दिवस आम्ही लेथखालचा बुरादा चाळत होतो, शेवटी ती चहाच्या कपाखाली कोस्टर म्हणून सापडली, वर चहाचा गोल डाग. ती हरवली असती तर ओरिजिनल इंजिन असूनही मी ते ओरिजिनल आहे हे कशाने सिद्ध करणार होतो? म्हणून ब्लॉक वर्कशॉपला द्यायच्या आधी नंबरचे जवळून फोटो काढा, पेन्सिल घासून कागदावर प्रिंट घ्या, पट्टी स्वतः काढा आणि घरी कपाटात ठेवा. बिलावर ब्लॉक नंबर लिहून घ्या, "एक इंजिन बोअर" एवढंच लिहिलेलं बिल पुढे काही कामाचं नाही.

यानंतर खरा निर्णय, नेहमीचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायचं की व्हिंटेजमध्ये जायचं.

नेहमीचं रिन्यूअल करायचं तर फॉर्म २५, गाडी चालू करून पासिंगला नेणं, पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी, आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, कारण १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागतेच. फी मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली. वीस वर्षांवरच्या साध्या चारचाकीला १०,००० रुपये, आणि इम्पोर्टेड चारचाकीला ८०,०००. मुदत संपून गेलेली असेल तर चारचाकीला उशिराचे महिन्याला ५०० रुपये असा जादा चार्ज वेगळा, बावीस वर्षं उभ्या गाडीचा आकडा ऐकून मामांनी पाण्याचा ग्लास मागितला. तुमच्या आरसीवर गाडी इम्पोर्टेड म्हणून नोंदलीय का ते आधी बघा, एमजी, ट्रायम्फ, जॅग्वारवाल्यांनी तर नक्कीच.

दुसरा रस्ता व्हिंटेजचा, १५ जुलै २०२१ ला निघालेल्या केंद्राच्या नियमांचा. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली, दुचाकी किंवा चारचाकी, खाजगी वापराची, आणि मूळ रूपात असलेली गाडी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर ती बसत नाही. म्हणजे मामांची गाडी अँबेसिडरच्या इंजिनावर नेली असती तर प्रश्न उभा राहिलाच असता, पोत्यांखालच्या ब्लॉकने वाचवलं. अर्ज परिवहनवर, फॉर्म २० मध्ये, सोबत इन्शुरन्स, फी, इम्पोर्ट होऊन आलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद), आणि भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनी आरसी. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं, पुढे रिन्यूअलला ५,०००. सर्टिफिकेट फॉर्म २३ए मध्ये, अर्जापासून साठ दिवसांत द्यायचं असं नियमात आहे. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो, हे मला फार आवडलं, कारण त्या तीन अक्षरी नंबराशिवाय ती गाडी अर्धीच वाटते. नव्याने नोंदणी होणाऱ्यांना व्हीए असलेली वेगळी सिरीज मिळते.

आता यातली मेख. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स, एवढंच. रविवारी पहाटे टॉप उघडून सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जाणं त्यात कुठे बसतं ते मला कोणी दाखवलं तर मी त्यालाच भजी खाऊ घालीन. वर्षातून दोन रॅलीच करायच्या असतील तर हिशोबाने व्हिंटेज सरळ परवडतं. बायकोला घेऊन दर महिन्याला फिरायचं असेल तर नेहमीचंच रजिस्ट्रेशन ठेवा आणि फीचं दुःख गिळा.

इन्शुरन्सवाल्यांची व्हिंटेजची व्याख्या आरटीओपेक्षा वेगळी आहे हेही ध्यानात असू द्या. जुन्या मोटार टॅरिफमध्ये (इन्शुरन्सच्या दरपत्रकात) ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने दाखला दिलेल्या गाड्यांना ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये २५ टक्के सवलत होती. एमजीए १९५५ पासूनची, त्यामुळे त्या सवलतीचं नाव काढू नका. थर्ड पार्टी तरी घ्याच, आणि गाडीची किंमत कशी धरणार ते लेखी घ्या, पन्नास वर्षांच्या गाडीची डेप्रिसिएशनने (घसारा धरून) किंमत काढली तर आरशाचेसुद्धा पैसे निघणार नाहीत.

पासिंगला गाडी कुठे न्यायची ते अपॉइंटमेंटच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली गाडी चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर टाका. आदल्या दिवशी चेसिस नंबरवरचं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, पण पॉलिश पेपर अजिबात मारू नका, घासलेला नंबर दिसला की शंका येते. हॉर्न, वायपर, ब्रेक लाइट, इंडिकेटर बघून घ्या. आमचा एकमेव गोंधळ हॉर्नचा झाला, घरी वाजत होता, तिथे गेल्यावर गप्प. भावाने स्टिअरिंगखाली हात घालून वायर धरून ठेवली आणि साहेबांनी दाबल्यावर तो वाजला. त्यांनी भावाकडे एकदा पाहिलं, गाडीकडे एकदा पाहिलं, आणि विचारलं, "आजोबांची का?" मामा मागून म्हणाले, "माझी. आणि मी अजून आहे."