हायपर बीम

हायपर बीम : पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतील एक हल्ला, खेळाडूंच्या भाषेत ‘मूव्ह’. जपानी नाव ‘हकाई कोसेन’. प्रकार नॉर्मल, पॉवर १५०, अचूकता ९० टक्के, आणि पुन्हा भरून घेईपर्यंत फक्त ५ वेळा वापरता येते. हल्ला लागला की पुढच्या पाळीत तो करणाऱ्या पोकेमॉनला, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याला, दम खात गप्प बसावे लागते. या सक्तीच्या विश्रांतीला ‘रिचार्ज’ म्हणतात. मूव्हची सगळी किंमत याच एका पाळीवर ठरते. तिच्याबद्दलचा नियम पुढे थोडासा बदलला आणि स्पर्धांमधली एक आघाडीची मूव्ह जवळजवळ अडगळीत गेली.

हायपर बीम पहिल्या गेमपासून आहे. गेम फ्रीक कंपनीने निन्टेन्डोच्या गेम बॉयसाठी बनवलेले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. त्यांत यापेक्षा जास्त पॉवर एकट्या एक्स्प्लोजनची, १७०; पण ती वापरणारा पोकेमॉन स्वतःच बाद होतो. जिवंत राहून मारता येणारा सर्वांत मोठा तडाखा हायपर बीमचाच होता. ही मूव्ह शिकवणारे यंत्र, टीएम १५, सेलाडॉन शहरातल्या जुगारघरात ५,५०० नाण्यांना मिळे. शेवटच्या चार मातब्बरांपैकी ड्रॅगनवाला लान्स तर तिच्यावरच विसंबून असे. ‘रेड’-‘ब्लू’ या जपानबाहेरच्या आवृत्तीत त्याच्या पाचही पोकेमॉनना हायपर बीम येते, आणि तिथवर पोहोचलेल्या नवख्या खेळाडूला या मूव्हची खरी ओळख बहुधा तिथेच होई.

कागदावरचा हिशेब मात्र हायपर बीमच्या विरोधात जातो. मारायला एक पाळी आणि विश्रांतीला एक, म्हणजे १५० पॉवर दोन पाळ्यांत वाटली जाते. दर पाळीला ७५, आणि अचूकता धरली तर त्याहूनही कमी. त्याच काळातली बॉडी स्लॅम ही मूव्ह दर पाळीला ८५ पॉवरने मारते, अचूकता १०० टक्के, वर समोरच्याला लकवा मारण्याची ३० टक्के शक्यता. मग कोणी शहाणा हायपर बीम कशाला घेईल?

घेत असत, कारण पहिल्या पिढीच्या, म्हणजे त्या पहिल्या गेमच्या, नियमात एक सूट होती. हल्ल्याने समोरचा पोकेमॉन बाद झाला तर रिचार्ज लागतच नसे. सबस्टिट्यूट या मूव्हने उभा केलेला बाहुला फुटला तरी तीच सवलत. त्यामुळे हायपर बीम ही सुरुवात करायची नव्हे, शेवट करायची मूव्ह बनली. बॉडी स्लॅमने झिजवत आणायचे, समोरच्याची उरलेली शक्ती पट्टीवरून अदमासायची, आणि एका फटक्यात बाद होईल अशी खात्री पटली की बीम सोडायचा. हिशेब बरोबर तर किंमत शून्य. चुकला तर समोरच्याला एक पाळी फुकट. टॉरोस आणि स्नोरलॅक्स हे पोकेमॉन यात तरबेज होते. दोघेही नॉर्मल प्रकारचे, त्यामुळे स्वतःच्या प्रकाराची मूव्ह वापरल्याबद्दल मिळणारी दीडपट वाढ त्यांना मिळे आणि १५० चे २२५ होत. टॉरोसचा वेगही जास्त, आणि त्या पिढीत जोरकस फटक्याची शक्यता वेगावरच ठरत असल्याने त्याच्या बाबतीत ती २१ टक्क्यांच्या वर जाई. त्या काळच्या स्पर्धांमध्ये टॉरोस जवळपास प्रत्येक संघात असे, त्यामागे या मूव्हचा मोठा वाटा आहे.

अंदाज फसला तर शिक्षाही जबर होती. त्या गेममधल्या एका गफलतीमुळे, रिचार्ज होत असलेल्या पोकेमॉनवर झोप आणणारी मूव्ह कधीच चुकत नसे. त्याला आधीच विषबाधा किंवा लकवा झालेला असला तरी ते पुसून झोप लागे. एरवी एका वेळी एकच बाधा, हा नियम काटेकोर पाळला जाई. ही गफलत असली तरी तिने खेळाला धारच आणली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये सूट काढून घेतली गेली. हल्ला लागला की, समोरचा बाद होवो वा न होवो, विश्रांती ठरलेली. मग वरचा साधा भागाकार लागू होतो आणि हायपर बीम त्यात हरते. त्यातच याच गेममध्ये स्टील हा नवा प्रकार आला, ज्यावर नॉर्मल हल्ला निम्माच लागतो. रॉकवर तो आधीपासून निम्मा लागत होता, घोस्टवर अजिबात नाही. गंमत म्हणजे कथेत तिचा दरारा उलट वाढला : याच गेममध्ये महोगनी गावातल्या दुकानात लान्स आपल्या ड्रॅगनाइटला टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीतल्या माणसावरच थेट हायपर बीम सोडायला सांगतो.

दुसरा मोठा बदल २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मधला. तोवर हल्ला शारीरिक की विशेष हे त्याच्या प्रकारावरून ठरे आणि नॉर्मल म्हणजे शारीरिक. तोंडातून निघणाऱ्या प्रकाशझोताची ताकद दहा वर्षे स्नायूंच्या बळावर मोजली जात होती. आता प्रत्येक मूव्हचा वर्ग स्वतंत्र झाला आणि हायपर बीम विशेष गटात गेली. टॉरोस-स्नोरलॅक्ससारख्या अंगबळावर लढणाऱ्यांसाठी गिगा इम्पॅक्ट ही जोडमूव्ह आली; पॉवर, अचूकता, रिचार्ज सगळे तेच. याच गेममधल्या पोरिगॉन-झेड या पोकेमॉनला मात्र हा बदल मानवला. त्याची विशेष हल्ल्याची ताकद मुळात मोठी, आणि अ‍ॅडॅप्टिबिलिटी या अंगभूत गुणामुळे स्वतःच्या प्रकाराची वाढ दीडपटीऐवजी दुप्पट, म्हणजे हायपर बीम ३०० ची.

रिचार्जची कल्पना इतर मूव्हनीही उचलली. तिसऱ्या पिढीतल्या फ्रेन्झी प्लांट, ब्लास्ट बर्न आणि हायड्रो कॅनन या गवत, आग आणि पाणी प्रकारांच्या मूव्ह याच साच्यातल्या. पुढे रोर ऑफ टाइम, एटर्नाबीम वगैरे आल्या. नंतरच्या काही गेमनी विश्रांती चुकवण्याची वाटही दिली. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये झेड-मूव्ह, म्हणजे मूव्हचे जास्त ताकदीचे रूप, म्हणून वापरल्यास हायपर बीमची पॉवर २०० होते आणि रिचार्ज लागत नाही, पण लढतीत एकदाच.

मोबाइलवरील ‘पोकेमॉन गो’ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे आला. त्यातही हायपर बीमची पॉवर १५० च आहे, रिचार्ज मात्र नाही. किंमत आधी मोजावी लागते : साधे फटके मारत ऊर्जा साठवायची आणि मग ती एका झटक्यात उधळायची. खेळाडूंच्या आपसातल्या लढतींत प्रत्येकाला दोन ढाली मिळतात. समोरच्याने त्यातली एक वापरली, तर एवढ्या खटाटोपाने सोडलेला बीम जेमतेम ओरखडा काढून जातो.