होमस्कूलिंग आणि सार्वजनिक ग्रंथालये (अमेरिका)

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या अमेरिकी कुटुंबांना सार्वजनिक ग्रंथालयांतून मिळणारी पुस्तके, जागा, साधने आणि मार्गदर्शन. होमस्कूलिंग १९९३ पर्यंत तेथील सर्व ५० राज्यांत कायदेशीर ठरले. केंद्रीय शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार १९९९ मध्ये सुमारे ८.५ लाख मुले घरी शिकत होती. २०१२ मध्ये ती १८ लाखांच्या आसपास होती.

करातून चालणारे मोफत ग्रंथालय अमेरिकेत जुने आहे. न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो गावाने ते १८३३ मध्येच सुरू केले. घरी शिकवणारे पालक शाळेसाठीचा करही भरतात, पण त्यातून त्यांना फारसे काही मिळत नाही. ग्रंथालय मात्र हक्काने वापरता येते. तिथे प्रवेश अर्ज, इयत्ता, हजेरी यांपैकी काहीच लागत नाही आणि ग्रंथपाल मुलाची परीक्षा घेत नाही. शाळेवर रुसलेल्या माणसांचे या सरकारी संस्थेशी जमते, ते बहुधा यामुळेच.

रोजच्या वापरात मोलाची ठरते ती साधी देवघेव. एखादे कुटुंब महिनाभर ज्वालामुखी शिकायचे ठरवते आणि तीन भावंडांसाठी तीन पातळ्यांची पुस्तके एकदम नेते. जवळ नसलेली दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवली जातात. काही ठिकाणी अशा पालकांना शिक्षकांसारखे कार्ड मिळते. त्यावर जास्त पुस्तके जास्त दिवस ठेवता येतात. शाळा चालू असताना ग्रंथालयाचा बालविभाग रिकामा असतो, म्हणून विज्ञानाचे प्रयोग, वाचनगट, थ्रीडी प्रिंटरची ओळख असे कार्यक्रम होमस्कूलिंगच्या मुलांसाठी दिवसा ठेवले जातात. इलिनॉयमधील जॉन्सबर्गच्या ग्रंथालयाने तर यासाठी स्वतंत्र साधनकेंद्रच उभारले. एक मर्यादा मात्र सगळीकडे आढळते: एकाच मुलाने लिहून संपवायच्या सराववह्या देवघेवीत चालत नाहीत, त्या पालकांनाच विकत घ्याव्या लागतात.

कायद्यामुळे ग्रंथालयाचे महत्त्व कसे वाढते, हे पेनसिल्व्हेनियात दिसते. तेथील १९८८ च्या कायद्यानुसार पालकाने मुलाच्या कामाची फाइल ठेवायची असते आणि वापरलेल्या वाचनसाहित्याची नावानिशी नोंद शिकवता शिकवताच करायची असते. आयती यादी ग्रंथालयाच्या संगणकात सापडेल, असे कोणालाही वाटेल. पण वाचकाने काय वाचले ही खासगी बाब मानली जाते, त्यामुळे पुस्तक परत आले की वाचकाशी असलेला त्याचा दुवा पुसून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत आहे. देवघेवीचा इतिहास जपण्याची सोय असेल, तर ती वाचकाने स्वतः सुरू करावी लागते. जाणते पालक ती पहिल्याच दिवशी करून घेतात, बाकीचे देवघेवीच्या पावत्या साठवतात.

होमस्कूलिंग करणारे सगळे एका मताचे नसतात. धार्मिक कारणाने शाळा नाकारणारे असतात, तसे अभ्यासक्रमच नको म्हणणारेही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे सुधारलेल्या हक्कनाम्यानुसार, लोकांना खुली असलेली सभागृहे मागणाऱ्याची मते न पाहता सर्वांना समानतेने द्यावीत, असे अपेक्षित आहे. त्यामुळे एकाच खोलीत सोमवारी एक गट आणि बुधवारी त्याच्या अगदी उलट विचारांचा दुसरा गट बसू शकतो. पुस्तकांच्या निवडीवरून खटके उडतात, पण ते शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांशीही उडतातच.

महाराष्ट्रातही, विशेषतः पुणे-मुंबईकडे, होमस्कूलिंग करणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी देता येते. पण १९६७ च्या राज्याच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालील इथली बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालवतात. अनेकांची वेळ सकाळ-संध्याकाळची असते आणि अभ्यासिका असलीच तर ती स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी भरलेली. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी सोय करण्याची प्रथा इथे रुजलेली नाही.