एमडी की डीओ? अमेरिकेत मेडिकलला अर्ज करण्याआधी
न्यू जर्सी आणि आसपासच्या मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक

मेडिकल प्रवेशाच्या सल्ल्यासाठी आमच्याकडे येणारे आईबाबा खुर्चीत बसता बसता एक प्रश्न हमखास विचारतात: "डीओ म्हणजे हाडवैद्यच ना?" यात त्यांची चूक नाही. डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, आणि ऑस्टिओपॅथी हा शब्द आपल्या कानाला होमिओपॅथीचा सख्खा भाऊ वाटतो. त्यात भारतात एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरची पदवी, आणि इंग्लंडमधले ऑस्टिओपॅथ एमबीबीएससारखे डॉक्टर नसतात. इथे अमेरिकेत मात्र एमडी आणि डीओ दोघेही पूर्ण डॉक्टर आहेत. कॉलेजनंतर चार वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं पुढचं प्रशिक्षण. औषधं लिहिणं, शस्त्रक्रिया करणं, पन्नासही राज्यांत परवाना मिळणं, सगळं सारखं. बायडन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांचे डॉक्टर केव्हिन ओकॉनर होते, त्याआधी ट्रम्प यांचे शॉन कॉनली. दोघेही डीओ.

अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं ऑस्टिओपॅथी कॉलेज काढलं, तेव्हा दोन्ही वाटा खरोखर वेगळ्या होत्या. पुढे त्या जवळ येत गेल्या. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात दोन हजारांहून अधिक डीओंनी ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेतली. आज आपल्या रोवन विद्यापीठाचंच पाहा: कॅम्डेनचं कॉलेज एमडी देतं, स्ट्रॅटफर्डचं डीओ.

शिक्षणातला मुख्य फरक हातांचा आहे. डीओच्या मुलांना साधारण दोनशे तास हाताने तपासण्याचं आणि उपचाराचं जादा शिक्षण मिळतं. वर्गमित्र टेबलावर पालथा झोपतो, आणि मुलगी त्याच्या मणक्यालगत बोटांची टोकं सावकाश फिरवत कोणती बाजू ताठ आहे ते शोधते. ज्या मुलांना हे मनापासून आवडतं, ती डीओत खुलतात.

खरा प्रश्न पुढे रेसिडेन्सीला येतो. २०२० पासून दोघांसाठी मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची देशभरची पद्धत, एकच आहे. २०२४ मध्ये शेवटच्या वर्षाच्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, डीओंपैकी ९२.३ टक्क्यांना. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, मानसोपचार यांत डीओंना फारशी अडचण येत नाही. न्यूरोसर्जरी, त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी यांचं मात्र स्पष्ट सांगतो: तिथे डीओला चढ जास्त आहे. डीओंची परवान्याची परीक्षा कॉमलेक्स. पण अनेक मुलं जोडीला एमडींची यूएसएमएलईही देतात, म्हणजे दुप्पट फी आणि ऐन अभ्यासाच्या दिवसांत आणखी एक ओझं. शिवाय बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांना रोटेशनसाठी, म्हणजे हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या विभागांत काम शिकण्यासाठी, गावोगावी राहावं लागतं. कॉलेजच्या मुलाखतीला गेल्यावर हे नक्की विचारा: रोटेशन कुठे आहेत, आणि राहण्याची सोय कोण करतं?

मग अर्ज कुठे करायचा? एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५१५ च्या पुढे आणि जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) ३.८ च्या आसपास असेल, तर भर एमडीवर ठेवा. एमकॅट ५०३ ते ५१० च्या पट्ट्यात असेल तर दोन्हीकडे अर्ज करा, आणि दोन्हीकडे मेमध्येच कामाला लागा. एमडीचे नकार आल्यावर डिसेंबरात डीओचा अर्ज भरायला घेणारी मुलं आम्ही दरवर्षी पाहतो. तोवर जागा भरत आलेल्या असतात. एखाद्या डीओ डॉक्टरांसोबत काही दिवस काढून त्यांचं शिफारसपत्र घ्या, अनेक कॉलेजं ते मागतात. प्रवेश मिळाल्यावर बऱ्याच डीओ कॉलेजांत भरावी लागणारी अनामत परत मिळत नाही, हेही हिशेबात धरा.

पैशांबाबत एक मोठा बदल झाला आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. डीओ कॉलेजं बहुतांश खासगी आहेत, त्यामुळे वरची रक्कम कुठून येणार याचा हिशेब अर्जाआधीच मांडा. एच-४ (आईवडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेला) व्हिसावर असलेल्या मुलांना सरकारी कर्ज मिळत नाही आणि बरीच सरकारी कॉलेजं त्यांचा अर्जच घेत नाहीत. अशा मुलांसाठी कॉलेजांची यादी आम्ही वेगळी बनवतो.

"लोकांना काय सांगायचं?" या काळजीपोटी डीओची जागा सोडून मुलाला कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांत पाठवणारे पालक भेटले की आम्हाला फार वाईट वाटतं. पदवीवर एमडी ही अक्षरं येतात, पण २०२४ च्या मॅचमध्ये परदेशी कॉलेजांतून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांनाच जागा मिळाली. हातात डीओचा प्रवेश असेल तर कॅरिबियनचा विचार करू नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

पहिल्या भेटीला ट्रान्सक्रिप्ट, एमकॅटचा निकाल आणि मुलाने स्वतः लिहिलेली कॉलेजांची यादी आणा. पहिली वीस मिनिटं आम्ही मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलतो. तोवर आईबाबांसाठी बाहेर चहा असतो.